गोंदियाच्या गुरांना अ‍ॅल्युमिनियमचा पिंजरा नको

जनावरे नेणाऱ्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमची बॉडी बसवा, पोलादाचे दिवस सरले, असे सांगणारे लोक आता गोंदियातही भेटू लागले आहेत. मोबाइलवर अमेरिकेतले लांबलचक चकचकीत ट्रेलर पाहिलेला तरुण दूधव्यावसायिक हे म्हणतो, बॉडी विकणारा म्हणतो, आणि एखाद्या गटाला गाडी घ्यायची असली की सल्ला द्यायला आलेला कोणीतरी जाणताही म्हणतो. म्हणणे असे की अ‍ॅल्युमिनियम हलके, म्हणून एका खेपेत जास्त जनावरे जातील आणि डिझेल कमी लागेल. ते गंजत नाही, म्हणून एकदा घेतले की जन्मभर बघायला नको. ते उन्हात तापत नाही. मोडीत काढले तरी पैसे देऊन जाते. आणि एवढ्यावरही कोणी ऐकले नाही, तर अमेरिकेतला शेतकरी वेडा आहे का, हा हुकमाचा एक्का.

अमेरिकेतला शेतकरी वेडा नाही. त्याच्या जागी असतो तर मीही अ‍ॅल्युमिनियमच घेतले असते. तिकडच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठतो आणि तो वितळावा म्हणून मिठाचा मारा होतो. ते खारे पाणी चाकांतून उडून ट्रेलरच्या पोटाला लागते आणि साध्या पोलादाला काही हिवाळ्यांत खाऊन टाकते. तिथला माणूस स्वतःच्या पिकअपच्या मागे वीस-तीस फुटांचा ट्रेलर जोडतो, त्यात वजनाच्या हिशेबाने गुरे भरतो, आणि पिकअपची ओढण्याची ताकद ठरलेली असल्याने ट्रेलरचा प्रत्येक किलो त्याला मोजावा लागतो. ट्रेलरला तडा गेला तर अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कारागीर त्याला जवळच्या गावात सापडतो. या सगळ्यांतून त्याची निवड ठरली. यातले गोंदियात काय आहे?

गोंदियात जनावर जाते ते पिकअपच्या डाल्यातून, ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या लहान टेंपोतून, क्वचित मोठ्या ट्रकमधून, आणि गावातल्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. पिकअपमागे जोडायचा गुरांचा ट्रेलर इथे वापरात नाही. म्हणून आपल्याकडे हा वाद खरे तर डाल्यावर बसवायच्या पिंजऱ्याचा आहे. प्रवासही तसे लांबचे नाहीत. रजेगावमार्गे बालाघाटहून दुभती म्हैस आणायची, देवरीकडून छत्तीसगडच्या हद्दीपलीकडे जायचे, अर्जुनी मोरगाव किंवा सालेकशाच्या गावातून आजारी गाय तालुक्याला न्यायची, आठवडी बाजारातून बैलजोडी घरी आणायची. धानाच्या बांध्यांमध्ये चिखलणीला चालणारा इथला गावरान बैल लहान चणीचा. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेली ‘कठाणी’ ही गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातलीच. अशा जनावरांना, अशा अंतरांवर, अशा गाडीतून नेताना हलकेपणाचा उपयोग किती, हे मोजून बघता येते. मोजणारा मात्र सहसा भेटत नाही.

मोजू या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2015 साली 125 ई हा नियम घातला गेला आणि 1 जानेवारी 2016 पासून तो लागू झाला. जनावरे नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत, प्रत्येक कप्प्यात एकच जनावर हवे, आणि गायी-म्हशीच्या कप्प्याची जागा 2 चौरस मीटरपेक्षा कमी नको, असे तो सांगतो. शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर. आता नेहमीच्या पिकअपचा डाला घ्या. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. जागा भरते साधारण 4.6 चौरस मीटर. म्हणजे गायी किंवा म्हशी दोन. तिसरी बसत नाही. दोन्ही पाचपाचशे किलोच्या धिप्पाड मुऱ्हा म्हशी धरल्या तरी वजन एक टन होते, आणि पोलादी पिंजऱ्याचे अडीचशे किलो त्यात मिळवले तरी 1.3 टनांच्या पिकअपची मर्यादा ओलांडली जात नाही. गावरान गायी असतील तर निम्मी क्षमता रिकामीच जाते. छोट्या हत्तीचा डाला सात फूट बाय पावणेपाच फूट, म्हणजे तीन चौरस मीटरच्या आसपास. त्यात एक जनावर. शेळ्यांचा हिशेबही असाच लागतो. पिकअपमध्ये पंधरा शेळ्या बसतील. त्यांचे एकूण वजन एका म्हशीएवढेही होत नाही.

मोठ्या ट्रकचे काय, असे कोणी विचारेल. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनी एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे न्यायला मनाई केली आहे. सहा म्हशींचे तीन टन. नऊ-दहा टन ओढणाऱ्या ट्रकला त्याचे ओझे ते काय.

प्रत्येक गाडीत आधी जागा किंवा जनावरांची ठरलेली संख्या संपते, वजनाची मर्यादा नंतर येते. मग पिंजरा शंभर-सव्वाशे किलोंनी हलका झाला म्हणून आणखी एक जनावर कुठे उभे करणार? ते उभे करता येते एकाच रीतीने: कप्पे काढून टाकायचे आणि जनावरे एकमेकांना चेपून भरायची. हलक्या पिंजऱ्यात जास्त जनावरे मावतात हा मुद्दा जो मांडतो, तो कळत नकळत नियम मोडणाऱ्याच्या फायद्याचा हिशेब मांडत असतो. महामार्गावर जनावरांची गाडी अडते तेव्हा ती दाटीवाटीसाठी अडते, कप्पे नाहीत म्हणून अडते, पशुवैद्यकाचा दाखला किंवा कानातला बिल्ला नाही म्हणून अडते. पिंजऱ्याचा धातू कोणी विचारत नाही. दाटीत खाली बसलेली म्हैस पुन्हा उठू शकत नाही, बाकीच्या तिच्यावर उभ्या राहतात, आणि कोहमाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिची मान मोडलेली असते. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘एका खेपेत जास्त’ हे शब्द ऐकवत नाहीत.

डिझेलची बचत? गाडीचे एकूण वजन दहा टक्क्यांनी उतरले तर इंधनात साधारण पाच-सहा टक्के फरक पडतो, असा मोटारींचा ढोबळ हिशेब आहे. भरलेल्या पिकअपमधून सव्वाशे किलो वजा करणे म्हणजे चार-पाच टक्के वजन. शंभर किलोमीटरच्या खेपेला आठ लिटर डिझेल लागत असेल तर फार तर पाव लिटर वाचेल. रोज पाचशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पाव लिटराची बेरीज मोठी होते. आठवड्यातून दोनदा बाजार करणाऱ्याची गाडी तेवढी धावत नाही. पिंजऱ्याच्या किमतीतला फरक भरून निघेपर्यंत त्या गाडीचेच आयुष्य संपेल.

आणि हे सव्वाशे किलो तरी खरोखर उतरतात का? अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7 आणि पोलादाची 7.85, म्हणून पिंजरा एक-तृतीयांश वजनाचा होईल असे लोक गृहीत धरतात. पण अ‍ॅल्युमिनियम लवतेही जवळपास तिप्पट. तेवढ्याच जाडीचा, तेवढ्याच गोलाईचा पाइप दोन्ही धातूंत घेतला आणि म्हैस दोन्हीवर सारखीच रेलली, तर अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पोलादाच्या सुमारे तिप्पट वाकेल. बाहेरचे माप तेच ठेवून तो पोलादाइतका ताठ करायचा तर त्याची भिंत तिप्पट जाड करावी लागते, आणि मग वजन पुन्हा पोलादाएवढेच होते. खरा हलकेपणा मिळवायचा असेल तर पाइप मोठ्या व्यासाचा घ्यावा लागतो. साडेपाच फुटांच्या डाल्यात दोन्ही बाजूंनी आणि मधल्या कप्प्याच्या आडात जाड पाइप आला की तो जागा खातो जनावराची, आणि जागाच तर इथे अपुरी आहे. विकणारा ही बाजू सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

आता गंजाकडे येऊ. या मुद्द्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा राग मी समजू शकतो, कारण गोंदियातले पोलादी पिंजरे खरोखरच वाईट गंजतात. पाऊस वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर, रोवणीच्या दिवसांत हवाही ओली, आणि त्यात गाडीत रोजचे शेण-मूत. आमगाव रस्त्याला एका ट्रॉली बनवणाऱ्याच्या शेडमध्ये जुन्या डाल्याच्या फळ्या उचलताना मी पाहिल्या आहेत. वरून रंग शाबूत होता, आडव्या पट्ट्या ठणठणीत होत्या. फळी उचलली तसा खालचा अँगल पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटून हातात आला. मिस्त्रीने हातोडीने हलकेच ठोकले तर टोक आरपार गेले. फळी आणि अँगल यांच्या फटीत शेण साचले होते, ते कधी वाळले नव्हते, आणि लोखंड तिथे आतून संपले होते. शेजारचा उघडा अँगल, ज्याच्यावर पाणी पडून निथळत होते, तो मात्र जवळपास जसाच्या तसा होता.

हे दृश्य दाखवून कोणी म्हणेल, बघा, म्हणूनच अ‍ॅल्युमिनियम हवे. पण त्या शेडमधला दोष फटीचा होता, आणि नुसता तांबडा प्रायमर मारून काम उरकण्याच्या आपल्या सवयीचा होता. त्या फटीत अ‍ॅल्युमिनियम ठेवा आणि बघा. अ‍ॅल्युमिनियमवर जो पातळ थर आपोआप धरतो आणि त्याला वाचवतो, तो सामू साधारण चार ते साडेआठच्या मध्ये असेपर्यंतच टिकतो. गाई-म्हशींचे मूत्र मुळातच अल्कधर्मी असते, आणि साचून कुजले की त्यातून अमोनिया सुटून ते आणखी चढते. ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथेच अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर रबरी मॅट टाकणाऱ्यांना बजावले जाते की मॅट उचलून खालचा तळ नेमाने धुवा, नाहीतर मुताने पत्रा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जाईल. शिवाय आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा पिंजरा बसणार पोलादी डाल्यावर, पोलादी बोल्टांनी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल असली की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो, आणि या जोडीत झिजणारा असतो अ‍ॅल्युमिनियम. बोल्टाच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागते, भोक मोठे होते, पिंजरा खुळखुळतो. मध्ये रबर, नायलॉनच्या चकत्या घालून हे टाळता येते. पण ती काळजी घेणारा माणूस पोलादावर जस्त चढवण्याची काळजी घेईल तर त्याला अ‍ॅल्युमिनियमची गरजच पडणार नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट रोगराईची आहे, आणि ती या वादात कोणी काढत नाही याचे मला वाईट वाटते. लाळ-खुरकत आली की गोठा आणि गाडी कशाने धुवायची, हे कोणत्याही पशुवैद्यकाला विचारा. तो सांगेल, धुण्याचा सोडा, चार टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. स्वस्त, गावच्या दुकानात मिळणारा, आणि लाळ-खुरकतीच्या विषाणूवर खात्रीने चालणारा. विषाणू आम्लात आणि अल्कात टिकत नाही, म्हणून सोडा चालतो. सोड्याच्या त्या पाण्याचा सामू अकराच्या आसपास असतो. अ‍ॅल्युमिनियमला तो सोसत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला की ते काळे पडते, ही गोष्ट घरोघर माहीत आहे. पिंजऱ्यावर दर खेपेनंतर तेच होणार. उलट जस्ताचा थर सामू बाराच्या वर जाईपर्यंत बराच तग धरतो. म्हणजे ज्या औषधाने गाडी रोगमुक्त करायची ते औषधच अ‍ॅल्युमिनियमचा शत्रू आहे, आणि जस्त चढवलेले पोलाद ते पचवते.

हे पुस्तकी वाटेल तर 2022 आठवा. लम्पी त्वचारोगाच्या साथीत त्या सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले, जनावरांची ने-आण थांबवावी लागली. लाळ-खुरकतीविरुद्ध देशभर लसीकरणाची मोहीम 2019 पासून सुरू आहे, ती अजून संपलेली नाही. बालाघाट आणि छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या जिल्ह्यात तीन राज्यांची जनावरे एकाच डाल्यातून ये-जा करतात. अशा जागी गाडी वारंवार, निर्धास्तपणे, हात आखडता न घेता सोड्याने धुता आली पाहिजे. महागाचा चकचकीत पिंजरा काळा पडेल म्हणून जो मालक सोडा वापरायचे टाळेल, तो कंजूषपणाने टाळणार नाही, आपली वस्तू जपण्यासाठी टाळेल, आणि रोग पुढच्या गावात पोचवेल.

दुरुस्तीचा प्रश्न मला सर्वांत निर्णायक वाटतो. तिरोड्यापासून चिचगडपर्यंत कोणत्याही मोठ्या गावात वेल्डिंगचे दुकान आहे. तिथे साधे आर्क मशीन असते, रॉड असतात, आणि तुटलेला पाइप तासाभरात जोडून मिळतो. अ‍ॅल्युमिनियम त्या मशीनवर धडपणे जुळत नाही. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वितळतो दोन हजार अंशांच्या वर, आणि खालचा धातू वितळतो 660 अंशांवर. थर फोडण्याआधीच आतला धातू वाहून जातो. त्यासाठी वेगळे मशीन, अर्गॉन वायूची टाकी, पुसून स्वच्छ केलेला जोड आणि शिकलेला हात लागतो. तो हात नागपुरात मिळेल, रायपुरात मिळेल. आणि जोडल्यावरही वेल्डच्या आजूबाजूचा भाग कडक केलेल्या मिश्रधातूत पहिल्याइतका मजबूत राहत नाही. तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद तिथे जाते, म्हणून पुढचा तडा बहुधा त्याच जोडाशेजारी पडतो.

तडे पडणार कशाने? रस्त्याने. पोलादाच्या अंगी एक गुण आहे: ठरावीक मर्यादेखालचे हादरे कितीही वेळा बसले तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान हादरा असला तरी तो खात्यावर जमा होत राहतो, आणि एक दिवस जोड उघडतो. महामार्गावर हे कळायला वर्षे जातील. देवरीच्या आतल्या गावांकडे जाणाऱ्या, पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवर इतका वेळ लागणार नाही. त्यात म्हशीची लाथ. पोलादी पत्र्याला पोचा पडतो, पाइप वाकतो, दुसऱ्या दिवशी ठोकून सरळ करता येतो. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा फाटतो, आणि त्याची कड सुरीसारखी धारदार असते. ती कड पुढच्या जनावराच्या कासेला किंवा बरगडीला लागते.

अ‍ॅल्युमिनियम तापत नाही, हे तर सरळ चुकीचे आहे. मे महिन्यात गोंदियात पारा 45 च्या वर जातो आणि त्या उन्हात उघडा धातू कोणताही असो, हात लावू देत नाही. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ऊन परतवते खरे, पण घेतलेली उष्णता ते सहज बाहेरही टाकत नाही. पांढरा रंग दिलेला पोलादी पत्रा ऊन परतवतो आणि उष्णताही बाहेर टाकतो, म्हणून तो जास्त थंड राहतो. हा फरक साध्या रंगाने पडतो. त्याहून मोठा फरक पडतो पत्र्याखाली वीतभर मोकळी जागा सोडून ताडपत्री ताणली तर, बाजूंनी वारा खेळता ठेवला तर, आणि जनावर पहाटे निघाले तर.

मोडीची किंमत अ‍ॅल्युमिनियमला जास्त येते, हे खरे आहे. पण जी किंमत आधी कितीतरी जास्त मोजली तीच काही अंशी परत मिळते, एवढाच त्याचा अर्थ. कोणी म्हणेल की अ‍ॅल्युमिनियम तर शेजारच्या कोरब्यात बनते, मग महाग का? बनते, आणि एक टन बनवायला साधारण 13 ते 15 हजार युनिट वीज लागते, म्हणून महाग. पोलादही शेजारचेच आहे. गोंदियाहून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ओलांडले की त्याच रेल्वेमार्गावर भिलाई लागते, जिथली पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. गोंदियाच्या बाजारात अँगल, चॅनेल, पाइप आणि चेकर पत्रा हव्या त्या मापात, हव्या त्या दिवशी मिळतो.

एवढे म्हटल्यावर पोलादाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सोडता येत नाही. पोलाद म्हणजे मजबूत, बस, असे म्हणून जे पिंजरे इथे बनतात ते पाहून लाज वाटते. कापलेल्या सळया, त्यांची टोके आत वळलेली, कप्पे नाहीत, तळाला गुळगुळीत झालेला चेकर पत्रा, त्यावर शेण पडले की जनावराचे चारही पाय चार दिशांना. 1978 च्या नियमांत काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या तळाला हव्यात, बाजूंना गादी हवी, जनावराचे तोंड इंजिनाकडे हवे, सोबत माणूस हवा, असे सगळे लिहून ठेवले आहे. कोणत्या पिंजऱ्यात ते दिसते? पोलाद घ्यायचे तर असे घ्यावे: सगळा पिंजरा आधी पूर्ण जोडून, भोके पाडून, कड घासून घ्यायची, आणि मग तो सुमारे साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून आणायचा. ही सोय नागपूर-रायपूरकडे आहे. एक खेप आणि काही दिवस लागतील. जस्त चढवल्यानंतर वेल्डिंग करायचे नाही, केलेच तर त्या जागी जस्ताचा रंग लावायचा, आणि जस्ताचा धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. तळाला बंद चौकोनी पाइप वापरायचा नाही. वापरलाच तर पाणी निथळायला दोन्ही टोकांना भोके हवीत, नाहीतर जस्ताच्या कढईत तो पाइप फुटू शकतो. फळ्यांसाठी सागवान परवडत नसेल तर येनाचे लाकूड घ्यावे, आणि फळ्या खिळ्यांनी न ठोकता बोल्टांनी बसवाव्यात, म्हणजे महिन्यातून एकदा उचलून खालचे शेण काढता येईल. त्या आमगाव रस्त्याच्या शेडमध्ये एवढे केले असते तर तो डाला अजून चालला असता.

अ‍ॅल्युमिनियमसाठी या गाडीत एक जागा मात्र आहे, आणि ती आपल्या दुधाच्या धंद्यातच शोधता येते. दुधाचे कॅन अ‍ॅल्युमिनियमचे झाले, कारण ते रोज माणसाच्या हाताने उचलावे लागतात. पिंजरा कोणी उचलत नाही. जनावर चढवायचा उतार मात्र उचलावा लागतो. जनावराला खरी इजा होते ती बहुतेक चढताना आणि उतरताना, आणि ती होते कारण उतार नसतो. का नसतो? पोलादी उतार जड असतो म्हणून. तीन मिलिमीटरचा पोलादी चेकर पत्रा चौरस मीटरला साधारण 24 किलो भरतो. आठ फूट लांब, तीन फूट रुंद उतार केला तर नुसता पत्राच पन्नास किलोंच्या पुढे, वर चौकट वेगळी. एकट्या ड्रायव्हरला तो उचलवत नाही. मग तो घरीच राहतो, आणि बाजारात गाडी बांधाला लावून गाय खेचून, शेपूट पिळून चढवली जाते. नाहीतर तीन-चार फुटांची एखादी फळी टेकवतात. डाला जमिनीपासून अडीच फुटांच्या वर, फळी चार फुटांची. तो उतार राहत नाही, भिंत होते. जनावर त्यावर गुडघे टेकते आणि घसरून खाली येते. पोटात वासरू असलेल्या म्हशीचे काय होते ते सांगायला नको.

अमेरिकेतून काही आणायचेच असेल तर ते टेंपल ग्रँडिन यांच्याकडून आणावे. गुरांची हाताळणी या विषयात त्यांचे आयुष्य गेले. कायमच्या उताराला 20 अंश आणि हलवता येणाऱ्या उताराला जास्तीत जास्त 25 अंश, असे त्या सांगतात. घसरू नये म्हणून आठ-आठ इंचांवर आडव्या पट्ट्या हव्यात, असेही. पिकअपच्या डाल्याची उंची धरली तर 20 अंशांना उतार साधारण आठ फुटांचा लागतो, 25 अंशांना सव्वासहा फुटांचा. तोच आठ फुटांचा उतार चार मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा केला तर चौरस मीटरला 11 किलो, म्हणजे पत्र्याचे पंचवीस किलोंच्या आसपास. खाली उभ्या पट्ट्यांची चौकट आणि मधोमध घडीचा टेकू, म्हणजे म्हशीच्या वजनाने तो लवणार नाही. वर आडव्या पट्ट्या, दोन्ही कडांना वीतभर उंच काठ. तो दोन बायकाही उचलून लावू शकतील, आणि आज गोंदियात दूध काढणारी, म्हैस ओळखणारी, बाजारात तिच्यासोबत जाणारी बरीच माणसे बायकाच आहेत.

हा उतार पोलादी डाल्याला कायम जोडायचा नाही. वरच्या टोकाला रबर लावलेले दोन आकडे, ते फाळक्याच्या पाइपात अडकवायचे, काम झाले की काढून बाजूच्या खाचेत ठेवायचा. सोड्याने गाडी धुताना तोही धुवायचा आणि नंतर साध्या पाण्याने लगेच खळखळून घ्यायचा. एवढा लहान तुकडा काही वर्षांनी खराब झालाच तर त्याचा पत्रा तेवढा बदलता येतो. ज्यांना गटासाठी गाडी घ्यायची आहे त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पिंजऱ्यासाठी मोजायची ठेवलेली जास्तीची रक्कम जस्त चढवण्यावर, फळ्यांवर, कप्प्यांवर आणि या एका उतारावर घालावी, आणि बॉडी बनवणाऱ्याला ऑर्डर देताना पिंजऱ्याच्या आधी उताराचे माप लिहून द्यावे.